बांगड्यांखालचे डाग

ओळखीच्या औषधवाल्याने माझ्या बायकोला फसवलं. रक्त पातळ करणारी गोळी ती वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घेते. तरीही "वहिनी, ही मेलाटोनिन. साधी आहे, बिनधास्त घ्या," म्हणत त्याने झोपेची गोळी हातात ठेवली. आज बांगड्या सरकल्या आणि तिच्या मनगटावर काळेनिळे डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गोळ्यांनी मिळून रक्तस्राव वाढू शकतो. "अहो, झोप मात्र छान लागत होती," ती हळूच म्हणाली.

मी नारळसुद्धा कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही. त्याच्या दुकानात मात्र काही न विचारता तिच्या शेजारी उभा राहिलो. ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटते. माझी चूक मी तिच्यापुढे कबूल केली. आता औषधवाल्या, तू ये, आणि तिची चालू गोळी ठाऊक असताना दुसरी का दिलीस, ते तिला सांग.