डेल्मर टेनीची पिवळी रेघ

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या सरकारी नेमबाजीच्या रेंजवर पगारी रखवालदार कधीच नव्हता. होता तो डेल्मर टेनी. एकाहत्तर वर्षांचा, विधुर, उभा जन्म कोळशाच्या खाणीत घालवलेला. नवं कोणी आलं की तो आधी नाव विचारायचा, मग कॉफी पुढे करायचा आणि मगच नियम सांगायचा. निशाण बदलायला पुढे जायचं तर आधी शेजाऱ्यांना विचारायचं, हातातला नेम त्यांना पुरा करू द्यायचा. सगळ्यांनी ‘बंद’ म्हटलं की गोळीबार थांबवून, बंदुकांचे बोल्ट उघडे टाकून पिवळ्या रेघेमागे यायचं. माणूस पुढे असेपर्यंत बंदुकीला बोट लावायचं नाही, पुसायलासुद्धा नाही. कोणी लावलंच, तर डेल्मर त्याची बंदुकीची पेटी स्वतः उचलून गाडीपर्यंत पोचवून यायचा. शेरीफच्या मेव्हण्यालाही त्याने असंच पोचवलं होतं, वर ‘सावकाश जा’ असंही म्हणाला होता.

रॉय लिप्सकॉम्ब त्याचा खाणीतला जोडीदार. डेल्मरचं काहीतरी बिघडतंय हे त्याला वसंतापासून दिसत होतं. डेल्मर एकच गोष्ट दोनदा विचारायचा, भलत्याच बंदुकीची काडतुसं घेऊन यायचा. बाकीच्यांनाही दिसत होतं. पण तोंडावर कोण बोलणार? कोणी गुपचूप योग्य डबी सरकवायचं, कोणी दुसऱ्यांदा तेच उत्तर हसून द्यायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. रेंजवरची सगळी शहाणी माणसं सभ्यपणाने गप्प बसली, आणि त्यांत रॉय पहिला होता.

हरणांच्या मोसमाआधीचा तो शनिवार. रेंज ‘बंद’ झाली आणि रॉय दुखरा गुडघा ओढत शंभर यार्डांवर गेला. निशाणाचा नवा कागद ठोकून तो वळला. पिवळ्या रेघेमागे तिघंजण उभे होते. डेल्मर मात्र रेघेपुढच्या बाकावर बसला होता, गाल रायफलीला टेकलेला, डोळा दुर्बिणीला. नळीचं तोंड रॉयला काळं आणि गोल दिसलं. हाक मारायची सोडून तो नुसता नळीकडे बघत उभा राहिला.

“थांबा!” ओरडली ती शॉना मेयल, शाळेत स्वयंपाक करणारी, रेंजवर जेमतेम दुसऱ्यांदा आलेली. डेल्मरने मान वर केली आणि रेंज चालू असताना ओरडायचं नसतं म्हणून तिलाच समजावू लागला. मोठ्या मायेने समजावत होता. कुंपणच शेत खायला उठलं होतं आणि कुंपणाला त्याचा पत्ता नव्हता.

रॉय परत आला तेव्हा दोघंजण त्याच्या कानाशी लागले. चुकतो माणूस, म्हणाले, म्हाताऱ्याची लाज नको काढूस. रॉयला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“डेल,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “मी पुढे होतो. तू मला नेमात घेतलं होतंस.”

“काहीतरीच काय बोलतोस?”

“बोल्ट उघड.”

डेल्मरने बोल्ट ओढला. जिवंत काडतूस बाकावर पडून घरंगळत गेलं. त्याने ते बघितलं. मग त्याने रायफल पेटीत घातली, पेटी उचलली आणि स्वतःच गाडीकडे चालू लागला. त्याच दुपारी रॉयने त्याच्या घरातल्या सगळ्या बंदुका आपल्या घरी नेल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी डेल्मरचा फोन आला. बंदुका चोरीला गेल्या म्हणाला, आणि रेंजला उशीर होतोय. रॉय गेला, समोर बसला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुढे कोण होतं ते कळल्यावर डेल्मर लहान मुलासारखा रडला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा फोन, पुन्हा तेच सांगणं, पुन्हा तेच रडणं.

तिसऱ्या शनिवारी रॉयच्याने ते होईना.

“पुढे कोण होतं?” डेल्मरने विचारलं.

“होता कोणीतरी. परगावचा.”

डेल्मरने हातातला कप खाली ठेवला.

“मी त्याची माफी मागितली का रे?”

ती त्याने कधीच मागितली नव्हती.

“मागितलीस की,” रॉय म्हणाला.

“मग? काय म्हणाला तो?”

“म्हणाला, मी आधीच बोलायला हवं होतं.”

“त्याने कशाला?” डेल्मर म्हणाला. “तो बिचारा मला ओळखतसुद्धा नव्हता.”