आरतीच्या कॅसेटमधला बँड

बाळांनो,

गणपतीच्या दिवशीचा आमच्या घरातला व्हिडिओ पाहून तुम्ही दोघांनीही एकच प्रश्न विचारलात, "आजी, देवासमोर हे काय चाललंय?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. एक तर हसू आवरत नव्हतं, आणि तुमचे आजोबा मध्येच बोलून सगळा क्रम बिघडवतात. म्हणून ताजं आहे तोवर लिहून ठेवते, सुरुवातीपासून.

आजोबांच्या अकाउंटन्सीच्या शिक्षणासाठी लग्नानंतर आम्ही इंग्लंडमध्ये, उत्तरेकडच्या एका गिरणगावात राहत होतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या. तळघरात घरमालकिणीचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र हार्ड रॉक वाजवायचे. हार्ड रॉक म्हणजे काय ते माझ्याआधी माझ्या भांड्यांना कळलं. ड्रम सुरू झाले की फडताळातले पेले किणकिणायचे. मी आजोबांना तक्रार करायला खाली पाठवलं. ते बऱ्याच वेळाने वर आले आणि म्हणाले, "अगं, तो गिटारवाला काय वाजवतो! तूही चल."

मग मीही जाऊ लागले, पोह्यांचं पातेलं घेऊन. गाणारा मुलगा बेकरीत कामाला होता, त्याच्या केसांत कायम पीठ. ड्रम वाजवणारा कारखान्यात. बेस गिटारवाल्याकडे व्हॅन होती, म्हणून त्याचा भाव जास्त. आणि घरमालकिणीचा मुलगा, आमचा गिटारवाला, इतका लाजाळू की पोहे आणखी हवेत हेसुद्धा सांगायचा नाही.

त्यांची एक रेकॉर्ड निघाली. ती फारशी खपली नाही, तरी एक हिवाळाभर ते व्हॅनमधून गावोगावी वाजवत फिरले. एकदा एका मोठ्या बँडच्या आधी त्यांना वेळ मिळाला. निम्मे लोक अजून बाहेर बिअर घेत उभे होते. आत साडीवर ओव्हरकोट घातलेली एक बाई घसा बसेपर्यंत ओरडत होती. हो, ती मीच. पुढे गाणी जरा मऊ करावीत की नाही यावरून गाणारा आणि ड्रमवाला भांडले, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनेही लक्ष काढून घेतलं, आणि माझा ओव्हरकोट जुना व्हायच्या आत बँड संपला.

शेवटच्या तालमीत त्यांनी एक नवं गाणं वाजवलं. त्यांचं सगळ्यात चांगलं. आजोबांनी ते आमच्या टेपरेकॉर्डरवर टेप केलं. तो आम्ही पुण्याला घरच्यांना आपला आवाज पाठवायला घेतला होता. पत्रांऐवजी कॅसेट बोलून भरायच्या आणि पोस्टात टाकायच्या. त्यामुळे घरातल्या कुठल्याही कॅसेटवर कोण काय टेप करील याचा नेम नसायचा.

आता या वर्षाचं. गिटारवाल्याचा फोन आला. आमची ओळख त्याने इतकी वर्षं टिकवली आहे. त्याच्या नातीने जुनी रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाली, "ठीक आहे." शेवटचं गाणं ऐकलं असतंस तर कळलं असतं, असं हा तिला म्हणाला. पण ते कुणाकडेच नाही. "आम्ही खरंच चांगले होतो ना?" त्याने आजोबांना विचारलं. "की मलाच तसं वाटतं?"

"माझ्याकडे आहे ते गाणं. शोधतो," आजोबा म्हणाले.

सिंगापूरला आल्यापासून सेरंगूनच्या या फ्लॅटमध्ये साठलेला एकेक खोका मी खाली काढला. बँडच्या नावाची कॅसेट कुठेच नव्हती. शेवटी शेवटी आजोबा त्याचा फोन घ्यायचंच टाळू लागले.

गणपती आले. आमच्याकडे आरती तोंडानेच म्हणतात आणि सुरुवात माझी असते. यंदा माझा घसा धरला होता. इथल्याच जुरोंग ईस्टहून आलेल्या, मूळच्या पुण्याच्या जोडप्याने फोनवर आरती काढली, पण स्पीकर काही जोडला जाईना. मोदक निवत होते. तेव्हा मला आठवलं, देवाच्या कपाटात आरतीची कॅसेट आहे! टेपरेकॉर्डरला मी अभ्रा शिवलेला आहे, तो अजून चालतो. बटण दाबलं. सगळ्यांनी हात जोडले.

आधी खरखर. मग कुणीतरी म्हणालं, "वन, टू, थ्री, फोर!" आणि ड्रम कोसळले.

मी बटणाकडे धावले. "हात लावू नकोस!" तबक हातात घेतलेले आजोबा ओरडले. "अगं, तेच आहे! कुणी पुसू नये म्हणून मीच वर आरती लिहिलं होतं!"

"अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"आत्ता आठवलं!"

पाहुण्यांना काय करावं कळेना. टाळ्यांसाठी हात तयार होतेच, ते टाळ्या वाजवू लागले. एकाने झांजा धरल्या. त्या जोडप्याच्या लहान मुलीने घंटा जी वाजवायला घेतली, ती सोडेचना. "आजी, सो पॉवर, लाह!" ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, म्हणजे काय भारी! मीही ओरडत होते, बसलेल्या घशाने, पूर्वीसारखीच.

गाणं संपलं आणि टेपरेकॉर्डरमधून बदकासारखा आवाज आला. झाकण उघडलं तर फीत चाकात गुंतून तुटली होती. चुरगळून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. आजोबा तबक घेऊन तसेच खुर्चीत बसले. "आता त्याला काय सांगू?"

"काका," त्या छोटीचा बाबा, तो पुण्याचा मुलगा, म्हणाला, "मी आरतीचा व्हिडिओ घेत होतो. पहिल्यापासून आहे."

तुम्ही पाहिलात तो हाच. मग आम्ही खरी आरती म्हटली, मोदक खाल्ले आणि व्हिडिओ इंग्लंडला पाठवला. फोन लगेच आला. गिटारवाला म्हणाला, "घंटा कोण वाजवतंय? अशी वाजवणारी आम्हाला तेव्हा मिळाली असती तर!" आणि मागून त्याची नात ओरडली, "पुन्हा लावा!"

कॅसेट गेली. रेकॉर्ड आमच्या कपाटात आहे, गिटारवाला आहे, आणि ते गाणं आहे, सेरंगूनच्या झांजा आणि घंटेसकट.