पोकळशेठची भरीव कुऱ्हाड

पडदा वर जातो. घरामागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या छपराखाली थाटलेली एक कामाची खोली. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला सुतारकामाचं जाड टेबल, त्याच्या कडेला आवळून बसवलेला शिकंजा. उजव्या हाताला खिडकी, आणि तिच्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा भुसा. मागच्या भिंतीवर तलवारी, भाले, ढाली, एक राजदंड आणि कैद्याच्या पायातल्या बेड्या. पाहणाऱ्याला वाटावं, इथे एखादा सेनापती राहत असणार. पण ती अख्खी भिंत उतरवून पोत्यात भरली, तर एखादी म्हातारी ते पोतं काखेत मारून बाजार करून येईल, इतकं ते सगळं हलकं.

मंचाच्या मधोमध स्टुलावर, कानामागे पेन्सिल खोचून, सत्तरीला टेकलेला एक माणूस शेजाऱ्याच्या खुर्चीचा मोडका पाय बसवतो आहे. नाटकातली सगळी माणसं याला पोकळशेठ म्हणत.

हे नाव त्याला एका खलनायकाने दिलं. उमेदीच्या वर्षांत तो एका नाटक कंपनीचं सामान सांभाळायचा. त्या नाटकात खलनायकाला शेवटच्या अंकात खरीखुरी लोखंडी तलवार परजत लांबलचक स्वगत म्हणायचं होतं. पहिल्याच प्रयोगात त्याच्या तोंडून शब्दांऐवजी नुसती हवा यायला लागली. पुढच्या प्रयोगाला त्याच्या हातात नवी तलवार आली. दिसायला तीच. त्याने ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि अख्ख्या विंगेला ऐकू जाईल असा ओरडला, "शेठ, ही तर पोकळ! जियो, पोकळशेठ!"

झालं. पुढे आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

लाकडाचे दोन अर्धे भाग करायचे, पटाशीने आतून कोरायचे, सरस लावून जोडायचे, वरून पातळ पत्रा चढवायचा. आत कापूस भरायचा, म्हणजे बोट लागलं तरी डब्यासारखं वाजत नाही. ही सगळी कला त्याची स्वतःची. पण हलक्या वस्तूला एक शत्रू असतो, तो म्हणजे जमीन. मेलेल्या सरदाराच्या हातून तलवार पडली आणि टप्प करून वाजली, की प्रेक्षकांतला दुःखाचा उमाळा जागच्या जागी हसण्यात बदलतो. म्हणून पोकळशेठ स्वतः विंगेत लोखंडाचा एक ठोकळा घेऊन उभा राहायचा. तलवार पडली की त्याच क्षणी ठोकळा फळ्यांवर सोडायचा. धाड! "नटाच्या हाताकडे बघायचं नाही," तो नव्या पोरांना सांगायचा, "खांद्याकडे बघायचं. हात फसवतो, खांदा आधी सांगतो." कंपनी बंद पडेपर्यंत त्याचा एकही आवाज चुकला नाही, आणि तो कुठून येतो हे कुणा प्रेक्षकाला कळलं नाही.

तर खुर्चीचा पाय बसत होता, तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिने लोकांची पाकिटं तोलली होती आणि नाकावर माशी बसू दिली नव्हती. मागच्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. बोटं हलती राहावीत म्हणून मुलाने आपला व्हिडिओ गेम तिच्या हातात दिला, आणि आता तो त्याला परत मिळत नव्हता.

ताईने मोबाईल भावाच्या नाकासमोर धरला. "हे बघ. अशी करून दे."

पडद्यावर बर्फातून चाललेली एक धिप्पाड बाई होती. खांद्यावर कुऱ्हाड.

"बाई करून देऊ?"

"कुऱ्हाड, मेल्या."

"कापायचं काय तिने? कांदे?"

"काही कापायचं नाही. मला हवीय."

पोकळशेठने हातोडी खाली ठेवली. लहानपणापासून ताईच्या तोंडी 'याला द्या' हेच शब्द होते. 'मला हवंय' हे तो बहुधा पहिल्यांदा ऐकत होता.

कुऱ्हाड नीट पाहायची म्हणून तो तिच्या घरी गेला. ताई टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली आणि खेळायला लागली. तो बाजूला बसून बघत होता. लांब लाकडी दांडा, मुठीला चामड्याची पट्टी, पात्याखाली पितळेची कडी. पातं जाड, काळपट, धारेच्या खालच्या टोकाला एक खाच.

"ती खाच दुसऱ्या लेव्हलला पडली," ताई म्हणाली. "दगडावर बसली होती. ती विसरायची नाही."

तेवढ्यात झाडीतून लांडगे आले. बर्फातली बाई पळायला लागली, पण कुऱ्हाडीच्या ओझ्याने तिचा वेग काही वाढेना.

"टाक ती! टाक आणि पळ!" पोकळशेठ ओरडला.

"टाकता येते. बटण आहे त्याला. टाकली की बाई वाऱ्यासारखी पळते."

"मग टाक ना!"

"खायचं टाकते, घोंगडी टाकते. ही नाही टाकायची."

लांडग्यांनी बाईला फाडून खाल्लं. ताईने शांतपणे पुन्हा सुरुवातीचं बटण दाबलं.

"वजनाचं सोंग छान करते हं तुझी बाई," पोकळशेठ म्हणाला. धंद्यातला माणूस, त्याची नजर तिथेच जायची. "बघ, आधी कंबर वळते, मग खांदा. आमच्याकडे फार थोड्यांना जमायचं."

"करत नाही. तिला जड आहेच."

ताई चहा आणायला उठली. किटली तिच्या हातात आली, तशी सुनेने काढून घेतली. "द्या इकडे, आई." मग ताईने कपांचा ट्रे उचलला, तर मुलगा धावला. "आई, खांदा!" ताई रिकाम्या हातांनी परत येऊन बसली.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "या घरात माझ्या हातात रिमोट तेवढा राहिलाय. तोही हलका आहे म्हणून. तू खरी कर. लाकूड-लोखंडाची, तिच्या वजनाची."

निघताना भाच्याने त्याला जिन्यात गाठलं. चांगला दोन पोरांचा बाप, पण आईच्या बाबतीत कायम घाबरलेला.

"मामा, हलकीच करा हं. पोकळ. डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केलीय. पण तिला कळू देऊ नका."

"आजवर कुणाला कळलंय?" मामा म्हणाला.

कुऱ्हाड अप्रतिम झाली. पाडलेल्या एका जिन्याच्या कठड्यातून त्याने दांडा काढला, रंधा मारून हाताला गुळगुळीत केला. पातं लाकडाचं, कोरलेलं, वरून पत्रा. पत्र्याला आच देऊन तो काळवंडवला. कानशीने खाच पाडली आणि तिच्या आतल्या बाजूला जरासा गंज दिसेल असा रंग लावला. कडी जुन्या कंदिलाची. त्याने ती भिंतीला टेकवली, चार पावलं मागे गेला, डोळे बारीक केले. त्या बाईच्या खांद्यावरून थेट खोलीत उतरल्यासारखी दिसत होती.

कुऱ्हाड घेऊन तो ताईकडे गेला, तेव्हा कापडी पिशवीत आणखी एक गोष्ट होती. इतकी वर्षं खिळ्यांच्या डब्याखाली पडून राहिलेला तो लोखंडी ठोकळा.

ताई जेवणाच्या टेबलापाशी उभी होती. तिने खाचेवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा फुलला. मग दोन्ही हातांनी दांडा धरून तिने कुऱ्हाड उचलली. भाचा दारातून मामाकडे बघून हळूच हसला. ताईने ती हातांत तोलली. तिने कुऱ्हाड खाली ठेवायला घेतली आणि खुर्चीत बसलेल्या पोकळशेठची नजर आपोआप तिच्या खांद्यावर गेली. खांदा उतरला. पिशवीतून काढून खुर्चीखाली धरलेला ठोकळा त्याने सोडला.

धाड!

वेळ अगदी अचूक साधली होती. कंपनीतल्या कुणीही टाळी दिली असती. फक्त एक घोळ झाला होता. नाटकात हत्यारं जमिनीवर पडायची. ताईने कुऱ्हाड टेबलावर ठेवली होती.

"मी वर ठेवली," ताई म्हणाली. "आवाज खालून कसा आला?"

पोकळशेठने पाय ठोकळ्यावर सरकवला.

"पाय उचल."

त्याने पाय उचलला. ठोकळा फरशीवर पडला होता, शाळेत पकडलेल्या कॉपीसारखा. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या मुलाकडे, मग परत भावाकडे. तिने एका बोटाने कुऱ्हाडीचं पातं उचलून दाखवलं. एकाच बोटाने.

"वा," ती म्हणाली. "वा, पोकळशेठ."

या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. ते बाहेरच्यांचं होतं. ताई आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

पोकळशेठने कुऱ्हाड घरी आणून भिंतीवर टांगली. बाकीच्या सामानात ती अगदी शोभून दिसली. तेच त्याला बघवेना.

काही दिवसांनी भाच्याचा फोन आला. "मामा, ती गेमच खेळत नाही. मशीन बांधून परत दिलं मला. व्यायामही सोडलाय. खांदा आखडेल म्हणतात डॉक्टर. जे देऊ ते खाते, जिथे बसवू तिथे बसते."

"भांडत नाही?"

"नाही ना!"

"मग अवघड आहे," मामा म्हणाला.

त्याने कुऱ्हाड भिंतीवरून काढली आणि जोडावर पटाशी लावून तिच्या पात्याचे दोन अर्धे केले. आत पांढरास्वच्छ कापूस होता. तो त्याने उपसून टाकला. मग सायकल काढून कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेला.

"जाड लोखंड हवंय. एकसंध, आतबाहेर तेच."

वेल्डरने चष्मा कपाळावर चढवला. "पोकळशेठ भरीव मागतायत? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तू काप."

भरीव काम त्याच्या हातांना माहीतच नव्हतं. कानस लोखंडावरून घसरायची, तळहाताला फोड यायचे. धार न ठेवता धारेचा आकार आणायचा, म्हणजे कडा बोथट आणि तरी दिसायला तीक्ष्ण, यात त्याचा जीव मेटाकुटीला आला. दांडा मात्र तयार होता. पात्याचं नेढं त्यावर ठोकून बसवलं आणि त्याने ऐटीत कुऱ्हाड एकदा फिरवली. पातं दांड्यावरून निसटलं आणि शेजाऱ्याच्या त्याच खुर्चीत जाऊन बसलं. खुर्चीचा दुसरा पाय गेला. पोकळ पात्याला कधी पाचर लागत नसे. त्याला कुठे जायचं नसतं. भरीव पात्याला जायचं असतं. दांड्याच्या टोकाला चीर पाडून, तिच्यात कोरड्या लाकडाची पाचर ठोकून, तो ते नव्याने शिकला. गंज रंगवावा लागला नाही, चार दिवस उघड्यावर ठेवल्यावर तो खाचेत आपणहून आला.

पोकळशेठने भाच्याला आधी कळवलं नाही. दार त्यानेच उघडलं. मामाच्या खांद्यावरचं ओझं आणि चाल बघून त्याला काय ते समजलं.

"मामा, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता. आता तू चहा टाक आणि बोलवेपर्यंत बाहेर येऊ नकोस."

ताई खिडकीपाशी बसली होती. त्याने कुऱ्हाड तिच्यासमोर जमिनीवर ठेवली, पातं खाली, दांडा वर, भिंतीला टेकवून. मग कापडी पिशवी उलटी करून झटकून दाखवली. पिशवीतून काही पडलं नाही.

"पुन्हा कापूस?" ताईने विचारलं.

"बघ."

"किती जड केलीयस?"

"तुझ्या बाईला विचारून केलीय. तुझ्या खांद्याला विचारलं नाही."

ताई उठली. तिने दांडा धरून ओढला. पातं जागचं हललं नाही. तिच्या भुवया वर गेल्या. तिने परत जोर लावला, पातं फरशीवर खरडलं आणि तिथेच राहिलं.

"ही सोंगं आणत नाहीये," ती पुटपुटली.

मग तिने चपला काढल्या. पाय फाकवून उभी राहिली. दांड्यावरचा एक हात खाली घेतला, पात्याजवळ. आधी कंबर वळली, मग खांदा. कुऱ्हाड जमिनीवरून सुटली. गुडघ्यापर्यंत आली. तिथे थांबली, थरथरली, आणि तशीच कमरेपर्यंत चढली. ताईचा चेहरा लाल झाला होता, मानेवरची शीर टरारली होती. पोकळशेठचे दोन्ही हात न सांगता पुढे गेले. त्याने ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले.

ताई खोलीच्या मधोमध उभी राहिली, कुऱ्हाड हातात धरून. खांद्यावर घ्यायला गेली नाही. बर्फातल्या बाईएवढी ती उंच नव्हती आणि तसं तिला वाटतही नव्हतं. तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खिडकीपासून पलंगापर्यंत गेली, वळली आणि परत आली. तिचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. मग तिने गुडघे वाकवले आणि पातं खाली न्यायला लागली. अगदी शेवटी, वीतभर उरलं असताना, बोटांतून दांडा सरकला.

कपाटातल्या काचा किणकिणल्या. पात्याखालची फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. असला आवाज त्याला विंगेतून कधीच काढता आला नव्हता.

स्वयंपाकघरात कप फुटला आणि भाचा ओरडला, "मामा! काय पडलं?"

ताई पलंगाच्या कडेवर बसून धापा टाकत होती. उजवा खांदा डाव्या हाताने चोळत होती. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. तिने भावाकडे पाहिलं. पोकळशेठने तडकलेल्या फरशीकडे पाहिलं आणि तो नाटकातल्यासारखा, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाला,

"पडलं नाही काही. ताईने ठेवली."