बिनसेलच्या खेळण्यावरचा नाडा

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी, उमरग्यातल्या आमच्या घरात, बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीत, मांजराच्या एका मोटारीवर चालणाऱ्या खेळण्यावर पूजेचा नाडा गुंडाळलेला सापडला. सकाळी तो फक्त एका टोकानं बांधलेला होता. बाकीचा लोंबत होता. खेळण्यात सेल नव्हते. खोलीत मांजर होतं, माणूस नव्हतं.

मी धाराशिवला एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. आमच्या भागातून भानामतीच्या बातम्या अधूनमधून येतात. आपोआप पेटणारे कपडे, पत्र्यावर पडणारे दगड... त्यातली एकही मी पानावर घेतलेली नाही. पाहिलं कोणी, तेव्हा घरात कोण होतं, किल्ली कोणाकडे होती – एवढं विचारलं की बहुतेक बातम्या तिथंच संपतात. तेच प्रश्न मी इथं स्वतःला विचारले आहेत.

आधी मांजराविषयी. तिचं नाव चिंगी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती दुकानातून घरी आणली होती. अण्णा आणि गफूरचाचा यांचं मोटारी भरायचं दुकान हायवेला लागून आहे. विहिरीतली, बोअरची, पिठाच्या गिरणीची – जळालेली मोटार यायची, हे दोघं तिच्यात नवी तार भरून द्यायचे. चिंगी तिथं जुन्या तारेच्या खोक्यात जन्मली. अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. आई घरात एकटी असते. एकटी म्हणजे चिंगीसोबत.

अण्णा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात चिंगीनं शिलाईचा दोरा गिळला. मांजराच्या जिभेवर उलटे काटे असतात. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आत ओढलाच जातो आणि आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा होतं. सोलापूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. टाके काढताना डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, ह्या वेळी वाचली. पुन्हा पोट उघडायची वेळ आणू नका, ते तिला झेपणार नाही."

आईनं घरातला दोरा संपवला. शिलाई मशीनवर खोळ चढली. गजरा बंद झाला. पतंगाच्या दिवसांत गच्चीचं दार उघडलं नाही. खिडक्यांना जाळी बसवली. परिणाम असा झाला की चिंगी घरात बसून जाड झाली, आणि तेच डॉक्टर म्हणाले, हिला पळवा.

खेळणं निवडायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते कठीण निघालं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक खेळण्यांना पीस, घुंगरू किंवा दोरी असते, म्हणजे जे नको तेच. पहिला उंदीर आणला त्याच्या सेलचं झाकण नखानं उघडत होतं आणि आत बटणासारखे चपटे सेल होते. ते पोटात गेले तर दोऱ्यापेक्षा वाईट. परत केला. मग आणलेला चेंडू पहिल्याच दिवशी फरशीवर आपटून तडकला. कड इतकी धारदार की माझंच बोट कापलं. त्यानंतर मी खेळणं हातात घेऊनच बघायला लागले. दाबून, आपटून, जोडावर नख फिरवून. तोंडात मावू नये. झाकणाला स्क्रू हवा. सुटं काही नको. मोटारीचा आवाज बारीक हवा, नाहीतर मांजर घाबरून पलंगाखाली जातं. आणि थोडा वेळ पळून आपोआप थांबणारं हवं, कारण न थांबणाऱ्या खेळण्यामागं जनावर दम लागेपर्यंत पळतं.

शेवटी जे घेतलं ते डमरूसारखं होतं. दोन बाजूंना रुंद रबरी चाकं, मध्ये बारीक कंबर, कंबरेत मोटार. चिंगीला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. भिंतीला धडकलं की ते वळायचं आणि ही दबा धरायची. गफूरचाचा बघायला आले, त्यांनी ते कानाला लावलं.

"चांगली मोटार हाय बेटा. जळली तर आण, भरून देतो."

"एवढीशी?"

"तुझ्या बापानं घड्याळातली भरलीया. मी न्हाय. मला तेवढं दिसत न्हाय."

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. पाटावर अण्णांचं तार गुंडाळायचं हँडल मशीन, पक्कड, पाने, आईचा मिक्सर, माझा लॅपटॉप. प्रत्येकाला हळद-कुंकू, झेंडू आणि लाल-पिवळा नाडा. खेळणं पाटावर ठेवायचं आईनंच ठरवलं. यंत्र आहे म्हटल्यावर त्यालाही सुट्टी हवी, म्हणून मी त्यातले पेन्सिल सेल काढले, पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकले आणि झाकणाचा स्क्रू घट्ट केला. मग मी आंघोळीला गेले.

दुकानातली पूजा गफूरचाचा अजूनही करतात. अण्णा असताना होती तशीच. दर वर्षी नारळ आईच्या हातून वाढवतात. आम्ही कुलूप लावून निघालो. एक किल्ली आईच्या कमरेला, दुसरी माझ्या पर्समध्ये; तिसरी नाही. चिंगी स्वयंपाकघरात असेल असं आम्ही दोघींनी धरलं. ती पाटाच्याच खोलीत, शिलाई मशीनच्या खोळीमागे झोपली होती.

दुकानात पूजा झाली. चहा आला. चाचांनी मोटारींच्या शाफ्टला नाडे बांधले होते ते बघत आई सहज म्हणाली, "आमच्या चिंगीच्या खेळण्याला बी बांधला. एकलंच मोकळं ठिवायचं बरं दिसत न्हाय. टोकाला झेंडू लावला, लोंबता. लई छान दिसाय लागलं."

मी कप खाली ठेवला. "लोंबता?"

"व्हय. मग फूल कुठं लावायचं?"

"आई... नाडा दोराच आहे."

आईनं घरातला एक-एक दोरा वेचून काढला होता. नाडा तिनं त्यात धरलाच नव्हता. नाडा पूजेचा, पुडी देवघरातली. खरं सांगायचं तर मीही धरला नव्हता. सकाळी पाटावर पुडी उघडी दिसली तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही.

आईचा चेहरा मी लिहिणार नाही. ती एवढंच म्हणाली, "चल."

चाचांनी शटर अर्धं ओढलं आणि स्वतःची गाडी काढली. आई त्यांच्या मागे, मी माझ्या गाडीवर. वाटेत मी आठवत होते – स्वयंपाकघराचं दार मी ओढलं होतं, पण चिंगीला आत पाहिलं नव्हतं.

कुलूप जसंच्या तसं होतं. आईनं उघडलं. चिंगी दारासमोर पाय पसरून पडली होती. आम्हाला बघून उठली, आळस दिला. झेंडूच्या पाकळ्या खोलीभर झाल्या होत्या. खेळणं पाटावर नव्हतं, दाराजवळ फरशीवर होतं. लोंबता नाडा कुठंच दिसत नव्हता.

"गिळला," आई म्हणाली आणि खाली बसली.

मी चिंगीचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं. काही नव्हतं. पण आत गेलेला असेल तर नसणारच. चाचांनी खेळणं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "भाभी, थांबा. हितं हाय."

नाडा कंबरेवर होता. एका बाजूच्या चाकापासून सुरुवात करून फेऱ्याला फेरा लावत, मध्ये फट न ठेवता, एकावर दुसरा न चढवता. शेवटचं टोक लोंबत नव्हतं आणि गाठही नव्हती. ते शेवटच्या फेऱ्यांच्या खालून नेऊन ओढून घेतलेलं होतं.

मी फोटो काढले. झाकणाचा स्क्रू पाहिला, घट्ट होता. उघडून पाहिलं, सेलची जागा रिकामी. पर्स उघडली, सेल चेनच्या कप्प्यात होते. जाळ्या तपासल्या. गच्चीचं दार आतून बंद.

"खेळता खेळता गुंडाळला गेला असेल," मी म्हणाले. "तिनं ढकललं, ते गडगडलं..."

चाचांनी फेऱ्यांवरून अंगठा फिरवला. मोटार भरून झाली की तारेच्या टोकांवर सुती दोरा आवळतात; हे काम त्यांनी आयुष्यभर केलं आहे.

"गडगडून गुता व्हतो बेटा. ही बांधणी हाय."

"टोक असं खाली कोण घेतं?"

"मी न्हाय घेत. मी गाठ मारतो." मग आईकडे न बघता म्हणाले, "ह्याच्यावरनं आमचं रोज भांडण. मी म्हणायचो, यार, गाठ मार, सुटंल. तुझा बाप म्हणायचा, गाठ घासती, तार उघडी पडती. शेवटपर्यंत ऐकला न्हाय माझं."

आई उठून जवळ आली. नाड्याला हात न लावता तिनं तो पाहिला. आणि मग तिनं जे विचारलं ते मला सुचायला हवं होतं.

"समदा हाय का पण ह्यो? का अर्धा पोटात हाय?"

गुंडाळलेला नाडा बघून ते सांगता येत नव्हतं. तुकडा तुटून आत गेला असेल तर सोलापूर लगेच गाठावं लागणार होतं. खात्री करायची तर नाडा सोडून मोजावा लागणार होता. आणि एकदा सोडला की कोणाला दाखवायला काही उरणार नव्हतं. मी म्हणाले, "थोडं थांब, आणखी कोणीतरी येऊन बघू दे. शेजारच्यांना तरी बोलावते."

"फोटू काढला न्हवं?"

"काढला."

"मग सोड. मला मांजर पायजे."

माझा हात पुढं झाला नाही. आईनंच टोक धरून ओढलं. एका ओढीत सगळे फेरे सुटले. तिनं चाकाजवळची सकाळची गाठही सोडली आणि मिक्सरचा नाडा काढून त्याच्याशेजारी धरला. सकाळी दोन्ही तिनं एकाच मापानं, हातावर मोजून कापले होते. लांबी सारखी भरली. दोन्ही टोकं कात्रीनं कापलेली होती. दाताची खूण कुठं नव्हती.

गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी चिंगीचं पोट दाबून पाहिलं आणि काही नाही म्हणाले. संध्याकाळी तिनं दूध-भाकरी खाल्ली. पुढचे काही दिवस आईनं तिच्यावर डोळा ठेवला. ती ठणठणीत आहे.

नंतर मी चिंगीला स्वयंपाकघरात कोंडून तसाच नाडा, तसंच फूल बांधून खेळणं हातानं लोटून पाहिलं. नाडा चाकाच्या एका बाजूला गोळा झाला. सेल घालून चालवलं. नाडा चाकात अडकला आणि मोटार थांबली. किल्ल्या दोनच होत्या आणि दोन्ही दुकानात आमच्याजवळ होत्या. गफूरचाचा सकाळपासून दुकान सोडून हलले नव्हते. आईच्या बोटांना संधिवात आहे. सुईत दोरा ओवायला तिला शेजारीण लागते. मांजर काय करू शकतं आणि काय नाही, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनी फोटो पाहिले. एक हसले, दुसऱ्यांनी फोन परत देऊन विषय बदलला. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. ही बातमी माझ्या डेस्कवर आली असती तर मी ती घेतली नसती.

आईनं देवघरातला नाडा झाकणाच्या डब्यात टाकून माळ्यावर ठेवला. ह्या विषयावर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि गफूरचाचाही नाहीत.

मागच्या महिन्यात मी दुकानात गेले होते. चाचा आता तिथं एकटेच काम करतात; ते बाहेर तार आणायला गेले होते. नव्यानं भरलेल्या मोटारी वॉर्निशसाठी ओळीनं ठेवल्या होत्या. मी वाकून पाहिलं. सगळ्यांच्या दोऱ्याचं शेवटचं टोक फेऱ्यांखाली घेतलेलं होतं. गाठ एकालाही नव्हती.