चालायला चाल्लोय!

चार माणसं दिवसभर खुर्चीवर बसली की दोनच गोष्टी वाढतात, पोटं आणि किस्से. आमच्या खोपोलीच्या कागद कारखान्यात दोन्हींचं पीक जोरात होतं!

पूर्वी आम्ही बॉयलरचे व्हॉल्व्ह हातानं फिरवायचो, शिड्या चढून काटे बघायचो. ऐंशीच्या सुमारास ऑटोमॅटिक पॅनल आलं. बटणं आली, पंखा आला, चाकांच्या खुर्च्या आल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या पँटी आखूड पडायला लागल्या, तेही कमरेत.

* * *

खुर्चीवर सगळ्यात जास्त जीव कर्जतच्या जोशींचा. पाण्याच्या माठापर्यंतसुद्धा ते बसूनच जायचे, पायांनी फरशी मागं ढकलत. एकदा मॅनेजरसाहेबांनी पाहिलं.

"जोशी, पाय आहेत ना तुम्हाला?"

"आहेत की साहेब! त्यांच्याशिवाय खुर्ची चालेल कशी?"

* * *

कँटीन आमच्या भिंतीला लागून. जोशी इंटरकॉमवर ओरडायचे, "दोन चहा!" कँटीनवाला भिंतीपलीकडूनच "आणतो!" म्हणायचा, आणि मग फोन उचलायचा.

एकदा इंटरकॉम बंद पडला. जोशी दुपारभर चहावाचून तळमळत बसले.

"अहो, नुसती हाक मारा की!" मी म्हटलं.

"हाका मारायला मी काय अडाणी आहे?"

* * *

कारखान्याच्या डॉक्टरांचं सगळ्या रोगांवर एकच औषध, "चाला! रोज चाला!" हे ते जीपमध्ये बसून सांगायचे. त्यांचा बंगला गेटच्या समोर. रस्ता ओलांडायला जीप!

* * *

आता आमचा धर्मा भोईर. कडावचा शेतकरी गडी. भातशेती भावावर सोपवून पॅनलवर बसला, मोपेड घेतली आणि चांगलाच गरगरीत झाला. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्याला दम दिला, "पुढच्या खेपेला वजन उतरलं नसेल तर फिट लिहिणार नाही. पॅनल सोडून गोदामात जावं लागेल."

धर्माच्या तोंडचं पाणीच पळालं. गोदामाचा मुकादम म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ! घरी बहिणीचं ऐकायचं आणि कामावर भावाचं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच धर्मा चालत निघाला. पण गावात बिनकामाचं कोण चालतं? पहिल्याच वळणावर चुलत्यांची बैलगाडी.

"कुठं चाल्लास रं?"

"कुठं नाय. चालायला चाल्लोय."

"मोपेड बिघडली व्हय? बस गाडीत!"

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? धर्मा बसला. पुढं एकानं चहाला ओढलं, दुसऱ्यानं भाकरी खाऊ घातली. शेजारची म्हातारी त्याच्या बायकोला विचारून गेली, "घरात भांडान झालंय काय गं? धर्मा येड्यासारका हिंडतोय!"

महिन्याभरानं त्यानं दवाखान्यातल्या काट्यावर पाय ठेवला. वजन वाढलेलं! मला त्याची कीव आली आणि हसूही आवरेना.

शेवटी बायकोनंच तोड काढली. "आवो, हातात रिकामी किटली घ्या. डेअरीला चाल्लाय म्हंतील. कोण नाय विचारायचं."

खरंच कुणी "कुठं?" म्हणून विचारलं नाही. पण दारादारातून हाका आल्या, "डेअरीला चाल्लास? मंग आमचं बी दूध घेऊन जा रं!"

एका हातात किटली होती, लवकरच दुसऱ्या हातातही आली. मग खांद्यावर कावड आली. डेअरीची वाट बांधावरून, तिथं बैलगाडी जात नाही. चहाला थांबावं तर आळीचं दूध नासायची भीती! धर्मा रोज घाम गाळत पळत सुटायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टर काट्याकडे बघतच राहिले. फिट लिहिलं, सही ठोकली. मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "भोईर, उद्यापासून मीही जीपनं कडावला येतो. तुमच्याबरोबर चालायला."

धर्मा खूश झाला.

"या की साहेब! पन येताना दोन किटल्या आणा."