फिदेंसियाचे थंड हात

आमच्या गावात हात दोन जातीचे असतात, गरम आणि थंड. गरम हाताच्या बाईनं मिरचीचं रोप लावलं तर ते चार दिवसांत मान टाकतं, आणि तिनं तान्हं मूल घेतलं की ते रडून घर डोक्यावर घेतं. त्यात तिचा काही दोष नसतो, जन्मतःच तसे हात असतात. थंड हाताची बाई मात्र गावात एखादीच. फिदेंसिया तुयूब तशी होती. तिच्या परसात काहीही खोचलं तरी उगवायचं, आणि कुणाचं कितीही किरकिरं पोर तिच्या हातात दिलं की गप्प व्हायचं. बायका म्हणायच्या, हिच्या तळव्यांत विहिरीचं पाणी आहे.

म्हणून हेत्समेकला सगळे तिलाच बोलवायचे. मुलगी तीन महिन्यांची झाली, मुलगा चार महिन्यांचा झाला, की त्याला पहिल्यांदा कडेवर घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या, तो दिवस म्हणजे हेत्समेक. तोवर मूल आडवंच धरायचं, छातीशी. आईनंसुद्धा चुकून कमरेवर घ्यायचं नाही. आणि त्या दिवशी जी बाई पहिल्यांदा कडेवर घेते तिचे गुण मुलात उतरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गावातली निम्मी पोरं फिदेंसियाच्या कडेवर बसूनच जग बघायला निघाली होती. मिशा फुटलेले बाप्येसुद्धा रस्त्यात तिला 'माद्रीना', म्हणजे धर्माची आई, म्हणून हाक मारत आणि हातातली बिअरची बाटली पाठीमागे लपवत.

पन्नाशीला तिची पाळी गेली. सगळ्या म्हणाल्या, वर्ष-दोन वर्षं अंगाची लाही होईल, मग सुटलीस. सुटली कुठली! दिवसाचं तापणं कमी झालं, पण रात्रीचा घाम मागे लागला तो साठी जवळ आली तरी हटेना. झोप लागून डोळा जड व्हायला लागला की छातीत धग उठायची, मानेवर चढायची, आणि बघता बघता झगा पाठीला चिकटायचा. त्यानंतर हुडहुडी. अंग पुसून पुन्हा पडावं तर अंगाखालचा झुला ओलाचिंब. आम्ही काही खाटेवर झोपणारी माणसं नाही. सुताच्या विणलेल्या झुल्यात जन्मतो आणि त्यातच मरतो. ओल्या झुल्यात झोपणं म्हणजे मासळीसारखं जाळ्यात पडणं.

तिनं आपल्या परीनं उपाय केले. रात्रीच्या जेवणातली मिरची सोडली. संध्याकाळची कॉफी सोडली, आणि ते सोडताना तिला रडू आलं होतं. झगे सगळ्यात पातळ कापडाचे शिवले. उशाशी पाण्याचं मडकं ठेवलं. आणि मग खोलीत दोन झुले टांगायला लागली. एक भिजला की उठून दुसऱ्यात. पहाटे भिजलेला धुवायचा आणि दोरीवर टाकायचा. ती झुले विणून विकणारी बाई, तिच्या परसात दोरीवर कायम झुले लोंबत असायचे, त्यात हा कुणाच्या लक्षात यायचा? फक्त पांढरं सूत विणायचं तिनं बंद केलं. आता दिवसाही अधूनमधून तळव्यांना घाम यायचा, आणि पांढऱ्यावर डाग धरायचे. व्यापाऱ्यानं विचारलं तर म्हणाली, निळंच बरं दिसतं.

हे सगळं फक्त नवऱ्याला माहीत होतं. कासियानो थट्टेखोर. "म्हातारे, छप्पर तर धड आहे, मग तुझ्या अंगावरच पाऊस कसा पडतो गं?" असं म्हणायचा. ती हसायची, पण त्याच्याकडून तिनं शपथ घेतली होती की बाहेर ब्र काढायचा नाही. तो म्हणाला, अगं, घामाची कसली आली लाज? लाज घामाची नव्हतीच. घामानं तापलेल्या माणसानं तान्ह्याला शिवू नये, त्याची झळ मुलाला बाधते. बाप शेतावरून आला तरी आधी सावलीत बसतो, अंग निववतो, हातपाय धुतो, मग मूल मागतो. आणि हिचं अंग तर रोज रात्री आपोआप पेटत होतं. हात थंड राहिले की नाहीत, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. दोन वर्षांपासून कुणी हेत्समेकला बोलवायला आलं की ती गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, आता फेऱ्या मारवत नाहीत. लोकांना पटायचं. तिच्या वयाला गुडघा शोभत होता.

मग तिच्या सुनेला, लांदीला, मुलगी झाली.

लांदीला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. तेव्हा गावातल्या टवाळ तोंडांनी, हिचं पोटच गरम, त्यात काही टिकायचं नाही, असं म्हणायला कमी केलं नाही. लांदीला आई नव्हती. फिदेंसिया तिच्या बाजूनं वाघिणीसारखी उभी राहिली होती. गिरणीवर एकीनं तोंड उघडलं तर तिचं मक्याचं पीठ तिच्याच डोक्यावर ओतीन म्हणाली होती, आणि ओतलंही असतं. तेव्हापासून लांदी सासूला नुसती आई म्हणत नसे, मानतही असे. आणि आल्मा झाल्या दिवसापासून घरात ठरलेलंच होतं की तीन महिन्यांनी तिला कडेवर कोण घेणार. विचारायचं कुणी कुणाला? फिदेंसियालाही दुसरं काही नको होतं. ती नातीला रोज आंघोळ करून, हात गार पाण्यात बुडवून, मगच घ्यायची. आडवी, छातीशी. आणि मनात म्हणायची, तीन महिने आहेत, तोवर हा घाम जाईल.

तो गेला नाही. आणि एके पहाटे लांदीला ताप भरला, छातीत दूध साकळलं होतं. पोर टाहो फोडत होती. फिदेंसियाचा मुलगा एयदेर मेरिदा शहरात बांधकामावर होता. पलीकडच्या खोलीतून लांदीनं, "आई, घ्या हो हिला," अशी हाक मारली. फिदेंसिया तशीच धावली. केस मानेला चिकटलेले, झगा ओला, तळवे निथळत होते. तिनं आल्माला उचललं, पोर गप्प झाली, आणि त्या क्षणी तिला इतकं बरं वाटलं की बाकी काही आठवलंच नाही.

संध्याकाळपर्यंत पोरीला हिरवे जुलाब सुरू झाले. एक डोळा बारीक दिसायला लागला. झळ बाधल्याची ही खूण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्यातली नर्स म्हणाली, पाणी उकळून घ्या. ते केलं. शेजारची उबाल्दा सताबाचा पाला घेऊन आली. तिला यातलं कळतं. तिनं पाल्याच्या पाण्यानं पोरीला आंघोळ घातली आणि सगळ्यांकडे बघत विचारलं, तापलेल्या अंगानं हिला कुणी घेतलं?

एयदेर दुपारच्याच बसनं आला होता आणि आल्या आल्या मुलीला घेतलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्यानं मान खाली घातली. लांदीनं त्याला काय काय सुनावलं ते मी सांगत नाही, तिचंही चुकलं नाही. फिदेंसिया चुलीपाशी उभी होती. तिनं तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण पोटचा पोरगा तिच्यादेखत बोलणी खात होता आणि ती लाकडं आत सारत राहिली.

आल्मा बरी झाली. पण फिदेंसियानं मनाशी ठरवून टाकलं की आपले हात आता गेले. असल्या बाईनं या पोरीला कडेवर घेतलं तर पोरीत काय उतरेल? हीच आग ना?

हेत्समेक तोंडावर आला तेव्हा लांदी भोपळ्याच्या बिया भाजता भाजता म्हणाली की रविवारी करूया, आईंचा नवा झगा इस्त्री करून ठेवते. फिदेंसिया म्हणाली, माझा गुडघा दुखतो, दुसरी कुणी बघ. लांदीला वाटलं थट्टाच आहे. ती हसली आणि बिया हलवत राहिली.

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. या वेळी ती हसत नव्हती.

"आई, गुडघ्याचं मला नका सांगू. परवा तुम्ही विहिरीवरून दोन बादल्या आणल्यात. खरं सांगा, काय आहे?"

"नाही जमायचं गं."

"गावातल्या निम्म्या पोरांचं जमलं. माझ्याच पोरीचं नाही जमत?"

फिदेंसिया मागावरचं सूत ओढत राहिली. बाहेर दोरीवर तिचा धुतलेला झुला वाळत होता. सांगायचं तर पहाटेची गोष्ट सांगावी लागली असती, तापलेल्या हातांची, आणि एयदेरनं फुकट खाल्लेल्या शिव्यांची. ती म्हणाली, "तू उबाल्दाला सांग. ती चांगली आहे."

लांदी दारापर्यंत गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या बायका म्हणायच्या ते तुम्हालाही वाटतं तर. गरम पोटाची पोर." आणि फिदेंसिया 'नाही' म्हणायच्या आत ती निघून गेली. म्हटलं असतं तरी काय उपयोग होता? नाही म्हटल्यावर, मग का, हे आलंच असतं.

कासियानोनं त्या रात्री तिला समजावलं. सांगून टाक, सून आहे, काही खाणार नाही तुला. ती म्हणाली, तुला शपथ आहे. तो चिडला. तुझा घाम पुसायला मी आहे, पण तुझी अक्कल पुसायला मी कुठून फडकं आणू, असं म्हणाला आणि पाठ फिरवून झोपला. ती त्या रात्री एक झुला भिजवून दुसऱ्यात गेली, दुसराही भिजवला, आणि उरलेली रात्र मडक्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. या खेपेला सगळाच घाम नव्हता.

रविवारी टेबल मांडलं. त्यावर गूळ घालून केलेला बियांचा लाडू, उकडलेलं अंडं, आणि पोरीनं पुढे शिकायच्या कामांची पेन्सिल, कात्री, सुईदोरा. फिदेंसियानं सगळं रांधलं, पण ती स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली नाही. उबाल्दानं आल्माचे पाय फाकवून तिला कमरेवर बसवलं, तिच्या मुठीत पेन्सिल दिली, लाडवाचा कण ओठाला लावला आणि टेबलाभोवती फेऱ्या घालायला लागली. पोर पहिल्यांदाच सरळ बसून सगळीकडे बघत होती. इतकी वर्षं हे दृश्य फिदेंसियानं मुलाच्या डोक्यावरून खाली बघून पाहिलं होतं, दारातून कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात आपोआप कमरेला गेला. मग तिनं पदार्थ वाढायला घेतले.

फेऱ्या संपल्यावर उबाल्दा पाणी प्यायला आत आली. पुठ्ठ्यानं वारा घेत, मानेवरून हात फिरवत चुलीपासून लांब बसली.

"पोर वजनदार आहे गं तुमची. त्यात रात्री डोळ्याला डोळा नाही. दोनदा झगा बदलला. सहा वर्षं झाली पाळी जाऊन, तरी रात्री मला पिळून वाळत घाला, असं आहे."

फिदेंसियाच्या हातातला डाव तसाच राहिला. "तुला घाम येतो? रात्री?"

"मला एकटीलाच येतो की काय? माझ्या आईला सत्तरीपर्यंत यायचा."

"आणि तशी तू पोरीला घेतलीस?"

उबाल्दा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, पण फिदेंसियाचा चेहरा बघून ते तिनं गिळलं. "अगं, बाधतो तो उन्हातला घाम, रस्त्यावरचा. हा वयाचा. यानं कुणाला काय होतंय? तसं असतं तर जगात एकाही आजीनं नातवंड घेतलं नसतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फिदे, म्हणून तू नाही म्हणालीस?"

फिदेंसिया खाली बसली. आपण मुकलो ते कशापायी, हे तिला एका दमात कळलं, आणि रडायलासुद्धा उशीर झाला होता. हेत्समेक दुसऱ्यांदा होत नाही. पहिल्यांदा कडेवर बसणं एकदाच असतं, मग आयुष्यभर ते तसंच राहतं.

लोक गेल्यावर तिनं लांदीला गाठलं आणि सगळं सांगितलं. घाम, दोन झुले, ती पहाट, एयदेर, सगळं. काही लपवलं नाही. लांदी टेबलावरची अंड्याची टरफलं गोळा करत ऐकत होती. मध्येच थांबली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मी दोनदा विचारलं, आई. दोनदा." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडली, मनगटानं डोळे पुसले, आणि म्हणाली की या आठवड्यात रोज रात्री तिला वाटायचं, आपली आई असती तर तिनं घेतली असती.

झुल्यात आल्मा जागी झाली, कुरकुरायला लागली. लांदीनं तिला उचललं, सासूजवळ आली, आणि पोरीचे पाय फाकवून तिला फिदेंसियाच्या कमरेवर बसवलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता कुणीही घेतलं तरी चालतं."