उपासाले जळत नाही

आमच्या आंधळगावात छातीत जळणं हा आजारच नाही. तो गॅस. पोट फुगलं तरी गॅस, आंबट पाणी घशाशी आलं तरी गॅस, जुलाब लागले तरी गॅस, बाई वाळत चालली तरी गॅसच. माझ्या मोठ्या भावाची बायको, माझी वहिनी, या एका शब्दाखाली कित्येक वर्षं दबून राहिली. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळ्या मिळत गेल्या आणि सल्ला सगळ्यांचा एकच: भातानं पित्त होते, भात सोड, पोळी खा. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताचीच शेतं, आणि तिनं भात सोडून गहू धरला. जितकं पथ्य पाळायची तितकी खालावायची. याचा मला अजून राग येतो.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं पोट पाहिलं आणि सांगितलं, सीलिॲक आहे. गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्याला सोसत नाही, आतलं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू जन्मभर बंद. वहिनीनं एवढंच विचारलं, "मंग भात चालते?"

मी आरोग्याच्या प्रश्नांवर पत्रकं लिहून वाटत फिरतो. घरी आल्या आल्या मथळा काढला, 'गहू नव्हे, विष', आणि वहिनीला दाखवला.

"भाऊजी, विष काहून लिहिता? तुम्ही तं आताच चार पोळ्या खाल्ल्या."

"लोकांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे ना."

"भरवा, पण खरं भरवा. मले पचत नाही, एवढंच लिहा."

मथळा तिथंच मेला.

गहू सुटल्यावर जुलाब थांबले, अंगावर थोडं मांस आलं. जळजळ मात्र जाईना. जेवली की थोड्याच वेळात छातीत आग. एक दिवस माझ्या आईनं भांडी घासता घासता बोलून टाकलं, "लपून खाऊन राहिली असन. बिस्किटाचा पुडा कोण संपवते मंग?"

पुडा मी संपवत होतो. तसं सांगितलंही. "तू नको शिकवू मले," आई म्हणाली.

गावानं काही म्हटलं असतं तर वहिनीनं सोडून दिलं असतं. घरातच चोर ठरणं वेगळं. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार. ती गेली नाही, भांडलीही नाही. ती स्वतःच्या पोटावर पाळत ठेवून बसली.

गुरुवारी तिचा उपास असायचा. साबुदाणा, दाण्याचा कूट, हिरवी मिरची. धडधाकट माणसाला पित्त व्हावं असलं खाणं. "सारे म्हणते उपासानं पित्त होते," ती मला म्हणाली, "अन् मले उपासालेच जळत नाही. काहून?" तिनंच एकेक पदार्थ वजा करत आणला. आमच्याकडे उपासाला हळद चालत नाही, हिंग चालत नाही. हळद तिनं आधीच काही दिवस बंद करून पाहिली होती, फरक पडला नव्हता. राहिला हिंग. तो रोज वरणाच्या फोडणीत होता, आणि वर आई गॅससाठी म्हणून मोठ्या मायेनं तिला हिंगाचं ताक पाजत होती.

आम्ही किराणा दुकानात गेलो.

"शेठजी, हिंगात काय असते?" वहिनीनं विचारलं.

"हिंग असते, अजून काय असन?"

"निस्ता हिंग?"

"निस्ता हिंग चाटून पाहा बाई, जीभ जळून जाईन. पीठ मिसळूनच तं डबी बनते. मैदा असते."

माझं डोकं फिरलं. दवाखान्याच्या छापील पथ्यात पोळी, रवा, बिस्किट सगळं होतं; हिंगाचा ह नव्हता. आईला घरी जाऊन ऐकवणारच होतो. वहिनीनं रस्त्यातच अडवलं. "तुम्ही काही बोलू नका, भाऊजी. आईनं माह्या भल्यासाठीच पाजलं."

घरी ती सरळ म्हणाली, "आई, काही दिवस हिंग नका टाकू. ताकातही नाही. तरी जळलं, तं म्हणा मले लपून खाते म्हणून."

"बिनहिंगाचं लाखोळीच्या डाळीचं वरण? सारं घर फुगून बसन."

"बसू द्या. मी तं इतकी वर्षं फुगूनच आहो."

आईला हसू आलं. हिंगाची डबी वरच्या फळीवर गेली.

जळजळ एकदम नाही गेली, पण उतरत गेली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, हळूहळू गोळी कमी केली, आणि आम्लपित्त दुसऱ्या कारणानंही होऊ शकतं, तपासत राहा, असं बजावलं. वहिनी विचारणाऱ्या प्रत्येकाला तेही सांगते, वाढवून काही सांगत नाही. आम्हा पत्रकवाल्यांत इतकं सरळ बोलणारं माणूस मी पाहिलं नाही.

आई 'माझं चुकलं' कधी म्हणाली नाही. पण शेजारच्या बारशाला ती पंगत बसायच्या आधीच चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"थांब, फोडणी नको देऊ. आधी माह्या सुनेचं वरण काढ. तिले हिंग चालत नाही."

"हिंग तं गॅसले चांगला राहते, काकू," आचारी म्हणाला.

"तुले काय माहीत?"

वाटी झाकून तिनं पंगतीत आणली आणि वहिनीच्या भातावर स्वतः वाढली. बाजूला बसलेली एक बाई म्हणाली, "सुनेचे भलते लाड होऊन राहिले बा."

"लाड नोहोय," आई म्हणाली, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात. "पथ्य आहे. अन् इमानदारीनं पाळून राहिली."